वाट पाडणं आणि वाट लावणं

गेल्या ऑक्टोबरातला एक रविवार. पुण्याच्या पश्चिमेकडच्या एका टेकडीवरून सायकलने उतरत होतो. टेकडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, त्याचं कारण पुढे येईल. वळण घेतलं आणि समोर आडवी फांदी, तिच्यामागे डोक्याएवढे तीन दगड. फांदी वाऱ्याने पडलेली नव्हती. गिरिपुष्पाची, कोयत्याने सपकन तोडलेली, पानं अजून हिरवीगार. वेग फारसा नव्हता म्हणून निभावलं. पुढचं चाक फांदीत, मी कडेच्या गवतात, कोपराचं सालटं गेलं. दगड ठेवणारा तिथं सापडला असता तर त्याला अस्सल पुणेरी भाषेत चार शब्द ऐकवले असते.

तो नव्हता, म्हणून दगडावर बसून राहिलो. राग उतरल्यावर वाटेकडे नजर गेली. ती वाट मला पाठ आहे, कारण ती पाडणाऱ्यांत मी होतो. २०२० चं टाळेबंदीचं वर्ष. जिम बंद, ऑफिस घरातच, आणि गॅलरीत धूळ खात पडलेल्या सायकली एकदम सगळ्यांना आठवल्या. टेकडीची जुनी रुळलेली वाट वळसे घेत उतरते. आम्हा चौघांना ती मिळमिळीत वाटायची. मग माथ्यावरच्या कातळापासून खालच्या चरापर्यंत गवतातून नाकासमोर एक 'लाइन' काढली. कुदळ लावली नाही की फावडं. नुसते उतरलो, पुन्हा वर चढलो, पुन्हा उतरलो. महिन्याभरात गवत मेलं आणि वाट झाली.

तेव्हा ती वीतभर रुंद होती. पाच पावसाळ्यांनंतर आता तिच्या मधोमध घोटा बुडेल एवढी ओघळ आहे आणि तिच्यात मुरूम उघडा पडलाय. ओघळ टाळायला कुणीतरी डावीकडून चाक घातलं, त्याची दुसरी वाट झाली. ती खचल्यावर उजवीकडून तिसरी. एकीच्या तीन झाल्या, आणि मधल्या पट्ट्यातलं गवत गेलं ते गेलंच.

दगड ठेवणं मला आजही मान्य नाही. माझ्या जागी एखादं सोळा वर्षांचं पोर जोरात आलं असतं तर मान मोडून बसलं असतं. पण ठेवणाऱ्याला राग कशाचा आला असेल, ते त्या दिवशी कळलं.

माझ्या माहितीतल्या प्रत्येक टेकडीवर हा वाद आता ऐकू येतो. पहाटे साडेपाचपासून टेकडी ज्यांची असते त्या काका-काकूंचं म्हणणं सरळ आहे: सायकल रस्त्यावर चालवा, टेकडी पायांसाठी आहे. आमच्या पोरांचं उत्तर तयारच असतं: रस्त्यावर चालवली तर डंपर खातो, आणि तुमच्या बुटांनी टेकडी झिजत नाही का? मग कुत्र्यांवर विषय जातो, कुत्र्यांवरून प्री-वेडिंगवाल्यांवर, तिथून बाटल्यांवर, आणि शेवटी 'पूर्वी असं नव्हतं' वर येऊन थांबतो. गंमत अशी की २०२३ च्या एप्रिलमध्ये वेताळ टेकडीवरच्या रस्त्याच्या आणि बोगद्याच्या बेताविरुद्ध पुणेकर मोर्चाने निघाले, तेव्हा हेच काका आणि हीच पोरं एका रांगेत चालत होती. टेकडीचा खरा शत्रू कोण, हे त्या दिवशी कुणाला समजावून सांगावं लागलं नव्हतं. डांबर आणि सिमेंटपुढे सायकलीचं चाक म्हणजे किस झाडकी पत्ती. तरीही चाकाचा प्रश्न उरतोच. मोठा चोर पकडायचाय म्हणून धाकट्याला मोकळं सोडावं असा काही नियम नाही.

'बूट झिजवत नाहीत का' हा आमच्या पोरांचा प्रश्न वाटतो तेवढा उद्धट नाही. त्यावर अभ्यास झालेले आहेत. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात विल्सन आणि सेनी या दोघांनी डोंगरवाटांवर माणसं, घोडे, मोटारसायकली आणि सायकली चालवून, वरून कृत्रिम पाऊस पाडून किती माती सुटते ते मोजलं. १९९४ मध्ये छापलेला त्यांचा निष्कर्ष असा की खूर आणि पाय चाकांपेक्षा जास्त माती सुटी करतात. ओल्या वाटेवर हा फरक आणखी ठळक. पुढे २००१ मध्ये कॅनडातल्या ऑन्टॅरिओत थर्स्टन आणि रीडर यांनी जंगलातल्या न तुडवलेल्या पट्ट्यांवर पाचशे-पाचशे फेऱ्या चालून आणि सायकलवरून करून पाहिल्या. झाडोरा आणि माती या दोन्हींवरच्या परिणामात त्यांना म्हणण्याजोगा फरक दिसला नाही.

सायकलवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हे निष्कर्ष वरचेवर फिरतात. फिरवणाऱ्यांत मीही असायचो. 'बघा, शास्त्र आमच्या बाजूने आहे.' पण पाचशे फेऱ्या म्हणजे किती? एखाद्या टेकडीवर दर रविवारी चाळीस सायकली उतरल्या तर तीन महिन्यांत पाचशे ओलांडतात. आणि त्या अभ्यासांतून दुसरी गोष्टही निघते, जी आम्ही पुढे पाठवत नाही. पाय असो की चाक, न तुडवलेल्या जमिनीवर पहिल्या काही शे फेऱ्यांतच बहुतेक नुकसान होऊन जातं. रुळलेल्या वाटेवर हजारावा माणूस गेला तर फारसं काही बिघडत नाही. अस्पर्श गवतातून पहिले शंभर गेले की बिघडतं. म्हणजे 'पाय की चाक' हे भांडणच चुकीच्या जागी चाललंय. नासधूस नव्या वाटेने होते, आणि आम्ही सायकलवाले नव्या वाटा पाडण्यात चालणाऱ्यांच्या कितीतरी पुढे आहोत. चालणारा माणूस वळसा घेतो, त्याला दम वाचवायचा असतो. आम्हाला थरार हवा असतो, म्हणून आम्ही सरळ खाली जातो.

सरळ खाली जाणं हेच मूळ दुखणं. सह्याद्रीच्या या भागातल्या टेकड्या म्हणजे बेसाल्टचा कातळ, त्यावर मुरूम आणि त्यावर मातीचा पातळसा थर. पुण्याचा बहुतेक पाऊस चार महिन्यांत पडून जातो, आणि त्यातही काही सरी अशा की तासाभरात रस्त्यांचे ओढे होतात. असं पाणी उताराच्या दिशेने पडलेल्या वाटेत शिरलं की त्याला आयताच पाट मिळतो. बाहेर पडायला जागा नसते, वेग वाढत जातो आणि माती खरवडत तळाला नेतो. सायकलचं चाक फक्त पाटाचं तोंड उघडून देतं. त्यात उतारावर मागचा ब्रेक लॉक करून स्किड मारायची हौस असली की आणखी दोन पन्हळी पडतात. चिखलात तर विचारूच नका. काळ्या मातीच्या पट्ट्यात टायरला चार किलो चिखल बसतो, तो आपण घरी नळाखाली धुतो आणि टेकडीची माती बिल्डिंगच्या गटारात जाते.

डोंगरावर वाट कशी बांधावी याचं शास्त्र पाश्चात्त्य सायकलवाल्यांनी गेल्या तीस-चाळीस वर्षांत पक्कं केलंय. वाट उताराला आडवी, डोंगराच्या कुशीतून न्यावी. तिचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नसावा. सरासरी दहा टक्क्यांच्या आत, म्हणजे दहा मीटर पुढे गेल्यावर फार तर मीटरभर चढ. वाटेचा काठ दरीकडे किंचित कललेला असावा, म्हणजे पाणी आडवं येऊन आडवंच निघून जातं. अधूनमधून वाटेनं स्वतःच जराशी खाली जाऊन पुन्हा वर यावं, म्हणजे चुकून साचलेलं पाणी तिथं बाहेर पडतं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं. हे तर आपले सलग समतल चर, पाणी अडवायला डोंगरउतारावर आडवे खणतात ते! 'माथा ते पायथा' म्हणत महाराष्ट्रातल्या गावोगावी लोकांनी जे केलं, वॉटर कपच्या दिवसांत शाळकरी पोरांनीही ए-फ्रेम आणि हायड्रोमार्कर घेऊन ज्या रेषा आखल्या, तेच ज्ञान. समपातळी म्हणजे काय हे या राज्यातल्या लाखो शेतकऱ्यांना कळतं. ज्यांना कळत नाही ते आम्ही, दीड लाखाची सायकल घेऊन वनखात्याने खणलेल्या चराचा बांध उडी मारायला वापरणारे.

आता पाखरं आणि जनावरं. इथं सायकलवाल्यांचा अभ्यास आणखी तोकडा पडतो. अमेरिकेतल्या युटा राज्यात अँटेलोप आयलंड नावाचं बेट आहे. तिथं टेलर आणि नाईट यांनी बायसन, म्यूल हरणं आणि प्राँगहॉर्न चालणाऱ्याला जास्त बिचकतात की सायकलवाल्याला, हे पाहिलं. २००३ चा तो अभ्यास. फरक फारसा आढळला नाही, आणि एवढंच आमच्या ग्रुपवर येतं. पुढचं येत नाही. वाटेपासून शंभर मीटरांच्या आतली जनावरं वाटेवर माणूस दिसला की पळण्याची शक्यता सत्तर टक्के होती. माणूस वाट सोडून आत शिरला तर म्यूल हरणांसाठी तीच शहाण्णव टक्क्यांवर गेली. उघड्या माळावरचे अमेरिकी प्राणी आणि आपल्या टेकडीवरचे मोर, मुंगूस, घोरपडी यांना एकच फूटपट्टी लागणार नाही, हे मान्य. पण हिशोब करून बघा. शंभर मीटरांचा पट्टा दोन्ही बाजूंना धरला तर एक किलोमीटर नवी वाट वीस हेक्टर जमीन जनावरांसाठी अस्वस्थ करून टाकते. टेकड्या आधीच चारही बाजूंनी सोसायट्यांनी आवळलेल्या. त्यात वाटांचं जाळं इतकं दाट झालंय की दोन वाटांच्या मध्ये शंभर मीटर उरतच नाहीत.

माळटिटवी मार्च ते जुलै उघड्या जमिनीवर अंडी घालते. घरटं म्हणावं असं काही नसतं, खळगीत चार अंडी आणि भोवती खडे. रंग असा की मातीत मिसळून जातो. रातवाही तसाच, गळलेल्या पानांवर बसून राहतो आणि पाय पडेपर्यंत हलत नाही. चालणाऱ्याला टिटवी निदान ओरडून सांगते. ताशी तीस किलोमीटरने येणाऱ्या चाकाला सांगून काय उपयोग? त्यात हल्ली रात्री हजार ल्यूमेनचे दिवे लावून टेकडीवर जायचं खूळ निघालंय. त्याची बाजू मी घेऊच शकत नाही. दिवसभर आपण, रात्री तरी त्यांना टेकडी द्यावी.

मातीचा थर जितका पातळ तितका हा प्रश्न कडवा होत जातो. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर एक देखणा सरडा आहे. नराच्या गळ्याखाली निळा, काळा, केशरी पंखा. २०१६ मध्ये त्याचं 'सारडा सुपर्बा' असं शास्त्रीय नामकरण झालं. आपला मराठी सरडा थेट प्रजातीच्या नावात गेला. विणीच्या दिवसांत नर दगडावर चढून तो पंखा उघडतात, आणि ते दगड असतात उघड्या सड्यावर (जेमतेम मातीच्या कातळपठारावर), म्हणजे सायकलवाल्यांना भुरळ घालणाऱ्या जागीच. सड्यावर माती काही बोटं, त्यात पावसाळ्यात उगवणारी फुलं. अशा जागी 'जबाबदारीने सायकल चालवा' वगैरे पाट्यांना अर्थ नाही. तिथं चाक नेऊच नये.

मग कायदा काय म्हणतो? आपला वन कायदा १९२७ चा, इंग्रजांचा. त्यात राखीव वनात परवानगीशिवाय शिरणं हाच गुन्हा. संरक्षित वनात मनाई केली नसेल ते चालतं, राखीव वनात परवानगी दिली असेल तेवढंच. वन्यजीव कायदा १९७२ चा. अभयारण्यात जायला परवाना लागतो आणि तो कशासाठी देता येतो त्याची यादी आहे, तिच्यात पर्यटन आहे. त्या कायद्यातली 'वाहना'ची व्याख्या मला फार आवडते. जमिनीवर, पाण्यात किंवा हवेत हलायला वापरलेलं कोणतंही साधन, आणि त्यात म्हैस, बैल, उंट, गाढव, हत्ती, घोडा, खेचर धरलेले आहेत. सायकलचं नाव नाही, पण 'कोणतंही साधन' म्हटल्यावर ती सुटत नाही. म्हणजे अभयारण्यात गाढवावर बसून गेलात काय आणि सायकलवर गेलात काय, कायद्याच्या नजरेत तुम्ही वाहनातच.

थोडक्यात, टेकड्यांचा जो भाग राखीव वन आहे तिथं सायकल घेऊन जायला परवानगी लागते. बहुतेक कुणी मागत नाही आणि बहुतेक कुणी अडवत नाही. वनरक्षक एक, टेकडी एवढी मोठी, वर वणवे, अतिक्रमणं आणि कोवळी रोपं खाणारी जनावरं. त्याने आमच्यामागे कुठं धावायचं? सगळ्यांनी काणाडोळा केल्यामुळे चाललंय, आणि अशा चालण्यात वाट कुठं असावी हे कुणीच ठरवत नाही. ठरवतो तो सगळ्यात उतावीळ माणूस.

बरेच जण यावर 'मग सरसकट बंदी घाला' म्हणतील. बंदीचा एक नमुना जर्मनीत आहे. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात, म्हणजे स्टुटगार्टच्या आणि ब्लॅक फॉरेस्टच्या मुलखात, दोन मीटरांहून अरुंद जंगलवाटेवर सायकल चालवायला १९९५ पासून कायद्याने मनाई आहे. सायकलवाले हा 'दोन मीटरांचा नियम' सर्रास मोडतात. २०१३ मध्ये तो रद्द करावा म्हणून पन्नास हजारांहून जास्त सह्यांचा अर्ज गेला. नियम अजून आहे आणि वाटांवर सायकलीही आहेत. फरक एवढाच पडला की नियम मोडणारा माणूस वाट दुरुस्त करायला पुढे येत नाही, कारण फावडं घेऊन उभं राहिलं की आपण इथं सायकल चालवतो हे कबूल केल्यासारखं होतं. बंदीने सायकल जात नाही, सायकलवाल्याची जबाबदारी तेवढी जाते.

कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत तर या खेळाचा जन्मच झाला. १९७६ मध्ये तिथल्या काही पोरांनी जुन्या जाड टायरच्या सायकली डोंगरावर नेऊन उतारावर शर्यती लावल्या. एका उतारानंतर मागच्या चाकाच्या हबमधल्या ब्रेकचं ग्रीस जळून जायचं, ते पुन्हा भरावं लागायचं, म्हणून शर्यतीचं नावच 'रीपॅक' पडलं. त्याच काउंटीतल्या तमालपैस डोंगरावर पुढे अरुंद वाटांवर सायकलला बंदी आली आणि रुंद वाटांवर ताशी पंधरा मैलांची मर्यादा, आंधळ्या वळणावर पाच मैलांची. तिथले चालणारे आणि सायकलवाले चाळीस वर्षं भांडताहेत. ज्या गावाने खेळ काढला त्यालाही हे प्रकरण सोडवता आलेलं नाही, यातून मी तरी एवढंच घेतो की हा वाद आधी हाताळलेला बरा. मुरला की पिढ्या खातो.

मला पटतो तो डच मार्ग. नेदरलँड्समध्ये युट्रेख्टच्या टेकड्यांचं राष्ट्रीय उद्यान आहे. टेकड्या म्हणजे आपल्या हिशोबाने उंचवटेच. तिथं माउंटन बाइकसाठी वाटा आखलेल्या आहेत आणि त्यांवर जायचं तर सायकलला एक स्टिकर विकत घेऊन चिकटवावा लागतो. त्या पैशातून वाटांची डागडुजी होते. आखलेली वाट सोडून आत शिरायचं नाही. परवाना, पैसा आणि वाट यांची सांगड घातलेली.

आणि हे फार परकंही नाही. कास पठार २०१२ मध्ये जागतिक वारशात गेलं. तिथं भोवतालच्या गावांची संयुक्त वन व्यवस्थापन समिती शुल्क घेते, फुलांच्या दिवसांत माणसं नेमून गर्दी सांभाळते. कासच्या व्यवस्थेवर टीका करण्यासारखं बरंच आहे, आणि ती होतेही. पण वनखात्याची जमीन, गावाची समिती आणि येणाऱ्याचं शुल्क ही घडी आपल्याकडे बसते, एवढं तिथं दिसलंय. टेकडीवरच्या सायकलींसाठी अशी घडी कुणी मागितलेलीच नाही. आम्ही मागितली नाही, कारण फुकट चाललं होतं.

माझी मागणी अशी आहे. शहरालगतच्या टेकड्यांवर, अभयारण्यांत नव्हे, आधीच रुळलेल्या वाटांपैकी एक-दोन वाटा वनखात्याने सायकलींसाठी ठरवून द्याव्यात, त्यांवर वर्षाचा पास लावावा आणि बाकी सगळ्या बंद कराव्यात. नवी वाट पाडणाऱ्याचा पास जावा. जून ते सप्टेंबर वाट पूर्ण बंद, अवकाळी आला तरी जमीन वाळेपर्यंत बंद. सूर्यास्तानंतर बंद. टिटव्यांच्या जागी विणीच्या महिन्यांत वळण. पास हवा असेल त्याने वर्षातून दोन रविवार फावड्याने काम करावं, पाणी काढायला चर मारावेत, बंद केलेल्या वाटांवर काटक्या टाकाव्यात. पैसे भरून फावडं चुकवायची सवलत नको. आपल्याकडे ती दिली की फावडं धरायला कुणी उरत नाही.

पावसाळा बंद म्हटल्यावर आमचे मित्र खवळतात. पावसाळ्यातच तर मजा! हिरवळ, धुकं, गार हवा. मार्चपासून ऊन, मग वीण, मग पाऊस. आम्ही चालवायची कधी? ऑक्टोबर ते फेब्रुवारी मनसोक्त, आणि मार्च ते मे पहाटे. उन्हाळ्यात पहाटे टेकडीवर जाणाऱ्याचा एक फायदाही आहे, वणव्याचा धूर आधी त्यालाच दिसतो. आणि पावसाळ्यात लवासाच्या बाजूचे, मुळशीचे डांबरी घाट आहेतच की. डांबर वाहून जात नाही. (जातं म्हणा, पण ते वेगळं प्रकरण.)

अभयारण्यांचं आणि राष्ट्रीय उद्यानांचं मी वेगळं मानतो. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात सायकलवरून कान्हेरीच्या लेण्यांपर्यंत जाता येतं, डांबरी रस्त्याने. तिथं भाड्याने सायकलीही मिळतात. शंभरेक चौरस किलोमीटरचं ते जंगल, चहूबाजूंनी मुंबई आणि ठाणे, आत बिबटे. तेवढा रस्ता पुरे आहे. येऊरच्या बाजूने आत शिरणाऱ्या पाऊलवाटांवर सायकल नको. आवाज न करता वेगाने येणारी वस्तू आणि वळणामागे बसलेला बिबट्या यांची गाठ पडावी असं दोघांपैकी कुणालाच वाटत नसणार. भीमाशंकरच्या अभयारण्यातही नको. ज्या जंगलावर संरक्षणाची मोहोर आहे तिथं संशयाचा फायदा जंगलाला.

माझ्या मागणीवर सगळ्यात वजनदार आक्षेप एका पक्षी-अभ्यासक मैत्रिणीचा आहे. ती म्हणाली, "तू वाट अधिकृत केलीस की तिथं गर्दी येणार. आज चाळीस येतात, उद्या चारशे येतील. पाटी म्हणजे आमंत्रण." हे खरं आहे, आणि म्हणूनच मी सुरुवातीला टेकडीचं नाव लिहिलं नाही. पण पाटी नसताना गर्दी येत नाही का? येते, आणि नकाशावरून येते. स्ट्राव्हा या फेऱ्या नोंदवणाऱ्या ॲपवर कुणीतरी आमच्या त्या 'लाइन'चा सेगमेंट, म्हणजे वेळ मोजायचा टप्पा, करून ठेवलाय, वर वेळांची यादी, पहिल्या नंबराला मुकुट. त्या मुकुटासाठी लोक हिंजवडीहून येतात. अधिकृत वाट नसली तरी अनधिकृत जाहिरात चालूच आहे. सेगमेंट धोकादायक म्हणून नोंदवला की वेळांची ती यादी बंद होते. दोन मिनिटांचं काम. मी ते ऑक्टोबरात केलं, खरं तर पाच वर्षांपूर्वी करायला हवं होतं. तिच्या आक्षेपाला माझं उत्तर अर्धंच आहे: पासांची संख्या ठरवता येते, चोरट्या गर्दीची येत नाही.

वेगाचं मात्र मला उत्तर देता येत नाही, फक्त बाजू घेता येते. मध्यंतरी एक सत्तरीच्या बाई मला म्हणाल्या, "तुम्ही घंटी वाजवता, मी दचकते. नाही वाजवली तरी दचकते." त्यांचं काय चुकलं? इंग्लंडमध्ये १९६८ च्या कायद्याने घोड्यांच्या वाटांवर सायकलला परवानगी दिली ती एका अटीवर: चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला आधी वाट द्यायची. मला हीच अट हवी. समोर पायी माणूस दिसला की पाय टेकायचे. घंटी वाजवून तो बाजूला होईल याची वाट बघायची नाही. आणि पायी माणूस म्हटल्यावर डोळ्यांपुढे फक्त स्पोर्ट्स शूज घातलेले काका आणू नका. टेकडीच्या पायथ्याच्या वस्तीतल्या बायका डोक्यावर लाकूडफाटा घेऊन त्याच वाटेने उतरतात. डोक्यावर भारा असलेल्या बाईला चटकन बाजूला होता येत नाही. टेकडीवर सगळ्यात जुना वावर त्यांचा, आणि टेकडीविषयीच्या कुठल्याही बैठकीत मी त्यांना पाहिलेलं नाही. उद्या पासांची समिती झाली तर पहिल्या खुर्च्या त्यांच्यासाठी असाव्यात.

या डिसेंबरात आम्ही सहा जण ती आमची वाट बुजवायला गेलो. २०२० च्या चौघांपैकी दोघे, बाकी नवी पोरं. वाळलेल्या फांद्या, दगड, दोन फावडी, आणि यूट्यूबवर बघून शिकलेला उत्साह. ओघळीत चार ठिकाणी दगडांचे आडवे बांध घालायचे, कडेच्या दोन वाटांवर काटेरी फांद्या पसरायच्या, एवढाच बेत. दुसरा बांध होतोय तोवर खालून वनरक्षक वर आला. त्याने सगळं शांतपणे पाहिलं, फावडी मोजली आणि विचारलं, "परवानगी आहे का?"

नव्हती. राखीव वनात दगड हलवायलाही परवानगी लागते आणि त्याचं म्हणणं बरोबर होतं. एक पोरगं हळूच म्हणालं, वाट पाडली तेव्हा कुणी विचारलं नव्हतं. वनरक्षकाने ते ऐकलं. म्हणाला, "तेव्हा मी इथं नव्हतो."

फावडी घेऊन खाली आलो. अर्ज दिलाय.